डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गुलमर्ग अर्ध्या भावात मिळतंय, घ्यावं का?

रामबागची_सून:
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. आम्ही तिघं, मी, हे आणि आमचा तेरा वर्षांचा चिरंजीव, यंदा काहीही झालं तरी स्की शिकायचंच असं ठरवून बसलोय (म्हणजे चिरंजीव ठरवून बसलाय, आम्ही फक्त पैसे भरणार). इथल्याच, इंदूरच्या एका एजंटनं काश्मीरातल्या गुलमर्गचं पॅकेज दिलंय, ३ ते ७ डिसेंबर, चार रात्री, नाश्ता-जेवण धरून खोली ४,५०० रोज, आणि तोच माणूस २४ डिसेंबरनंतर त्याच खोलीचे ११,००० सांगतोय. ह्यांचं म्हणणं, अर्ध्याहून कमी भाव आहे, भरून टाक, सीझनच्या सुरुवातीला गर्दी नसते आणि शिकवणारे पण मोकळे असतात. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकतेय, सराफ्याच्या खाऊबाजारात रात्री बारा वाजता सुद्धा गरम जिलबी कोणी अर्ध्या भावात देत नाही, मग हा का देतोय? सगळं धरून बजेट दीड लाख, त्याच्यावर एक रुपया नाही. शुक्रवारपर्यंत ॲडव्हान्स मागतोय. कोणी डिसेंबरच्या सुरुवातीला गेलंय का? आणि काहीजण परदेशात जा म्हणतात, ते आपल्यासारख्यांना परवडतं का, की उगाच?

पलासियाचा_पक्या:
ताई, शुक्रवार जाऊ द्या, भरू नका. मी स्वतः पोळलोय. असंच डिसेंबर पहिला आठवडा, असंच स्वस्त पॅकेज. पोचलो तर काय, आपल्या महूच्या मैदानासारखं पिवळं गवत आणि त्याच्यावर दहा-बारा घोडे. स्कीचा जो शिकायचा उतार असतो ना खाली, तिथे सावलीत दोन-चार चादरी अंथरल्यासारखा बर्फ, बाकी माती. हॉटेलवाला रोज सकाळी म्हणायचा उद्या पडेल साहेब. चार दिवस त्या उद्याच्या भरवशावर घोडा, गोंडोला (वर नेणारा रोपवे), परत घोडा. वर गेलं की बर्फ होता, नाही असं नाही, पण आम्ही जन्मात पायात स्की न घातलेले, वर जाऊन करणार काय, फोटो काढले आणि खाली आलो. पैसे परत मागितले तर म्हणे बर्फ आमच्या हातात आहे का. बरोबरच आहे म्हणा, पण फोनवर बुकिंग घेताना तो अगदी ह्याच्या हातात असल्यासारखाच बोलत होता 😄

मावठा_मास्तर:
पक्यानं अनुभव सांगितला, मी त्याचं कारण सांगतो, थोडं लांबेल.

काश्मीरात हिवाळ्याचा बर्फ येतो तो पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यांच्या झंझावातांमुळे. आपल्याकडे माळव्यात डिसेंबर-जानेवारीत जो मावठा पडतो, ज्यानं गहू-हरभऱ्याचं भलं होतं (नाहीतर गारांनी वाटोळं), तोही बहुतेक वेळा ह्याच मालिकेचा शेपटाचा भाग. हे झंझावात जोरात आणि एकामागून एक यायला लागतात ते साधारण डिसेंबरच्या शेवटी. काश्मिरी लोकांचं पंचांगच तसं आहे, २१ डिसेंबरला चिल्लई कलान सुरू होतो, चाळीस दिवस, सगळ्यात कडक थंडी, आणि जुनी माणसं म्हणतात की ह्या चाळीस दिवसांत पडलेला बर्फ टिकतो. तुमचं पॅकेज त्याच्या दोन-अडीच आठवडे आधीचं आहे. म्हणून स्वस्त. गोम काही नाही, हॉटेलवाल्याला सगळं माहीत आहे एवढंच.

आता दुसरी गोष्ट, जी पक्याला तिथे गेल्यावर कळली. गुलमर्ग गाव २,६५० मीटरवर. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगदोरीला सोडतो, ते ३,१०० च्या आसपास. दुसरा टप्पा अफरवटला, जवळजवळ ३,९५०. सुरुवातीच्या दिवसांत बर्फ वरून खाली येतो, म्हणजे अफरवटला आधी, कोंगदोरीला मग, आणि गावातल्या शिकायच्या उताराला सगळ्यात शेवटी. आणि शिकणारा असतो नेमका सगळ्यात खाली! म्हणजे सीझनच्या सुरुवातीची स्वस्ताई ज्याला चांगलं स्की येतं त्याच्या कामाची, नवशिक्याच्या नाही. तुम्ही तिघं नवशिके. अफरवटचा दुसरा टप्पा तर नवशिक्यांनी डोक्यातूनच काढून टाकावा, तिथे तयार केलेला उतार नाही, हिमस्खलन होतं, फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे दोन पोलिश स्कीवाले दगावले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गलाच एक रशियन. आणि हे लोक शिकाऊ नव्हते.

हिशोब खोलीच्या भावाचा करू नका. पायात स्की घालून प्रत्यक्ष घसरलात असे दिवस किती मिळाले, त्याचा करा. समजा ह्या पॅकेजमध्ये विमान-टॅक्सी धरून ८०,००० गेले आणि एकच दिवस मिळाला, तर त्या दिवसाचे ८०,०००. तेच जानेवारीच्या शेवटी १,१०,००० गेले आणि पाच दिवस मिळाले तर दिवसाचे २२,०००. ह्यांना दाखवा हे.

रामबागची_सून:
काका, दाखवलं. हे म्हणतात टीव्हीवर नोव्हेंबरमध्येच गुलमर्गला बर्फ दाखवतात, मग तो जातो कुठे?

मावठा_मास्तर:
वितळतो, आणखी कुठे जाणार. नोव्हेंबरचा बर्फ गरम जमिनीवर पडतो, दोन दिवस ऊन पडलं की गेला, टीव्हीवाला तोवर घरी गेलेला असतो. स्कीला एक थर दबून बसावा लागतो, त्याच्यावर दुसरा, तिसरा. गुडघाभर साठला की दगड-झुडपं झाकली जातात. नाहीतर स्कीचा तळ दगडावर खरवडतो आणि भाड्याचा माल असेल तर भरपाई तुमच्याकडून.

आणि उलटं पण सांगतो, नाहीतर म्हणाल काकांनी फसवलं. जानेवारी म्हणजे गॅरंटी नाही. जानेवारी २०२४ मध्ये ऐन चिल्लई कलानात गुलमर्ग कोरडं होतं, बर्फ आला जानेवारी संपता संपता. २०२५ मध्ये तिथल्या खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा बर्फ नाही म्हणून फेब्रुवारीतून पुढे ढकलून मार्चमध्ये घेतल्या. सरकारला तारीख बदलावी लागते तिथे आपण कोण. म्हणून तारीख हलवता येईल असंच बुकिंग घ्या, चार-पाचशे रुपये जास्त गेले तरी.

सुरसागर_बडोदा:
परदेशाचं मी सांगते, आम्ही बडोद्याहून डिसेंबरमध्येच अल्माटीला गेलो होतो, कझाकस्तान. भारतीयांना १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, दिल्लीहून थेट विमान आहे, चारेक तासांचं. शिंबुलाक नावाचा स्की रिसॉर्ट शहरापासून २५ किलोमीटरवर. पायथाच २,२६० मीटरला आणि वर ३,२०० च्या जवळपास, शिवाय तोफांनी कृत्रिम बर्फ पण मारतात, त्यामुळे डिसेंबरमध्ये निदान खालचे पट्टे तरी चालू असतात. आम्ही पैसे कुठे वाचवले तर राहायचं शहरात ठेवलं, वर रिसॉर्टमध्ये नाही. शहरात फ्लॅट घेतला, स्वयंपाक घरचाच (खाकरा आणि मेथीचे ठेपले बॅगेत होतेच, बडोदेकर आहोत), रोज सकाळी १२ नंबरची साधी सिटी बस धरून मेदेऊला जायचो आणि तिथून गोंडोला वर. शनिवार-रविवारी सगळं शहर वर लोटतं तेव्हा आम्ही खाली बाजार फिरलो आणि स्की सोमवार ते गुरुवार. १६ डिसेंबर त्यांचा स्वातंत्र्यदिन, सुट्टी, तेव्हा जाऊ नका. आणि एक, ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना विंटर स्पोर्ट्स वेगळं घातलंय का ते बघा, साध्या पॉलिसीत बहुधा नसतं, माझ्या नणंदेचा गुडघा मुरगळला तेव्हा हा अभ्यास झाला.

पण दीड लाखात तिघं? विमानाचं तिकीट कधी मिळतं त्याच्यावर आहे सगळं. आम्ही दोघंच होतो.

म्युनिकचा_इंदुरी:
मी इथे जर्मनीत सात वर्षं, मूळ लोकमान्य नगरचा. युरोपात सीझनच्या सुरुवातीचा खेळ वेगळा आहे म्हणून लिहितो. इथे ख्रिसमसच्या आधीचे दोन-तीन आठवडे खोल्या खरंच स्वस्त असतात आणि बर्फ पण मिळू शकतो, पण जागा बघून. उंच पाहिजे. ऑस्ट्रियात हिंटरटुक्स हिमनदीवर आहे, ३,२५० मीटरपर्यंत, तिथे तर बाराही महिने स्की चालतं. फ्रान्सचं व्हाल थोरान्स गावच २,३०० मीटरवर, नोव्हेंबरच्या शेवटाला उघडतं. उलट खालच्या, १,००० मीटरच्या गोड गोड गावांत डिसेंबरच्या सुरुवातीला गेलात तर तपकिरी डोंगरावर तोफांनी मारलेल्या बर्फाची एक पांढरी पट्टी असते आणि सगळी जनता त्याच एका पट्टीवर, राजवाड्याला रंगपंचमीच्या गेरला (मिरवणुकीला) असते तशी. आणि त्या तोफांना पण थंडी लागते, हवा कोरडी असून शून्याच्या खाली गेली तर बर्फ होतो, नाहीतर नुसतं पाणी.

पैसे भरण्याआधी एकच बघायचं, रिसॉर्टच्या साइटवर आज किती लिफ्ट चालू आहेत आणि वरच्या-खालच्या स्टेशनला बर्फ किती सेंटिमीटर. बत्तीसपैकी सहा लिफ्ट चालू असतील आणि लिफ्टचा पास पूर्ण भावाचा असेल तर ती स्वस्ताई नव्हे. काही ठिकाणी सुरुवातीला पासचा भाव पण उतरवतात, ते घ्यावं.

पण ताई खरं सांगू, तुमच्या दीड लाखात युरोप नाही. नुसती शेंगेनची व्हिसा फी मोठ्या माणसाला ९० युरो, मुलाला १२ वर्षं पूर्ण झाली की पूर्णच. चिरंजीव तेरा वर्षांचे, दोन वर्षं आधी हट्ट केला असता तर निम्मी लागली असती 😀

लष्कर_ग्वाल्हेर:
सगळे विमानावरच बसलेत, आमच्या रेल्वेला कोणी विचारतच नाही. इंदूरहून मालवा एक्सप्रेस थेट कटऱ्याला जाते, दुपारी तुमच्याकडे सुटते, रात्री आमच्या ग्वाल्हेरला येते, दुसऱ्या दिवशी कटरा. आणि जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झालीय, तीनेक तास, वाटेत चिनाबचा पूल, नदीपासून ३५९ मीटर उंच, पोराला खिडकी द्या. श्रीनगरहून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. तिघांच्या विमानाचे जे वाचतील त्यात दोन दिवस जास्त राहणं होईल. फक्त डिसेंबर-जानेवारीत धुक्यानं मालवा कधी किती लेट होईल ह्याचा नेम नाही, त्यामुळे कटऱ्याला एक रात्र मुक्काम धराच, त्याच दिवशीची वंदे भारत पकडायचं डोकं लावू नका, मी लावलं होतं.

दुसरं, शिकायचंच असेल तर हॉटेल आणि प्रायव्हेट ट्रेनर हे सोडा. गुलमर्गला केंद्र सरकारची संस्था आहे, भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्था, पर्यटन मंत्रालयाची. तिथे कोर्स असतात, राहणं, जेवण, स्की, बूट, शिकवणारा सगळं त्यातच. माझा भाचा गेला होता. खोली काही फाइव्ह स्टार नाही, सकाळी उठवतात, पण आठवडाभरात पोरगा वळणं घेत खाली यायला लागला. कोर्स बर्फाच्या महिन्यांत असतात आणि जागा लवकर भरतात, म्हणून लवकर करायचं तर हे करा, अर्ज लवकर, जाणं उशिरा. असेच कोर्स मनालीच्या सरकारी संस्थेचे सोलंगला असतात आणि औलीला गढवाल मंडळाचे. औलीचा विचार असेल तर जोशीमठहून वर जाणारा रोपवे २०२३ मध्ये जमीन खचल्यापासून बंद पडला होता, तेव्हा आता काय स्थिती ते फोन करून विचारा, नाहीतर रस्त्यानं.

पलासियाचा_पक्या:
आणि मोजे, हातमोजे, गॉगल इथूनच घेऊन जा, डेकॅथलॉनमध्ये मिळतात. तिथे भाड्याच्या बुटात आधी कोणाचा पाय होता देव जाणे. बूट घालून दुकानातच पाच मिनिटं उभं राहा, टाच उचलली जात असेल तर दुसरा मागा, लाजू नका.

रामबागची_सून:
सगळ्यांचे खूप आभार. एजंटला नाही म्हणून कळवलं, तर म्हणतो मॅडम तुमच्यासाठी ३,८०० करतो. आता तर खात्रीच पटली.

ठरलंय असं की चिरंजीव आणि हे संस्थेच्या कोर्सला अर्ज करणार, जानेवारीच्या शेवटी, २६ जानेवारीची गर्दी ओसरल्यावर. फेब्रुवारीतच त्याची परीक्षा डोक्यावर येते, म्हणून त्यापुढे नको. मी जवळच खोली घेऊन कांगडीपाशी (काश्मिरी शेगडीपाशी) बसणार, मला घसरायची काही हौस नाही हे आता कबूल करते. मालवाचं रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं ना? आणि थर्ड एसीत तिघांना एकाच कुप्यात जागा हवी असेल तर सकाळी आठला लॉगिन करून बसावं लागेल का?

लष्कर_ग्वाल्हेर:
हो, ६० दिवस, आठला. पोहे आधीच खाऊन बसा. आणि कटऱ्याहून पुढची वंदे भारत वेगळी काढायला विसरू नका, तिची तारीख वेगळी पडते.