पाचशे रुपयांचा ‘पक्का रिपोर्ट’

सेक्रेटरी माने: उद्या सकाळी 10 ला वरची टाकी धुवायची आहे. 8 च्या आत पाणी भरून ठेवा. नंतर ‘आम्हाला कुणी सांगितलं नाही’ चालणार नाही.

कुलकर्णी काकू, ए-203: बरं. आमच्या जागेवर पांढरी अ‍ॅक्टिव्हा कुणी लावली आहे? दोन तास झाले.

सूरज, बी-304: (फॉरवर्ड) आजचा पक्का रिपोर्ट!! टॉस + मॅच + सेशन. लागोपाठ 9 पास. फी फक्त 500, आजच्यापुरती. जागा कमी. लिंकवर या भावांनो.

सेक्रेटरी माने: सूरज, क्रिकेटच्या सट्ट्याच्या टिपा इथे? हा ग्रुप पाणी, लिफ्ट आणि मेंटेनन्ससाठी आहे.

सूरज, बी-304: सॉरी काका, चुकून आलं. काढतो.

देसाई सर, ए-102: काढू नकोस, राहू दे. रविवार आहे, वेळ आहे. ‘लागोपाठ 9 पास’ हे मोजलं कुणी?

सूरज, बी-304: चॅनेलवर सगळं आहे सर. मी महिनाभर बघतोय. नाद खुळा चॅनेल आहे.

देसाई सर, ए-102: चॅनेल त्याचं, पेपर त्यानेच काढला, त्यानेच तपासला आणि मार्कही त्यानेच दिले. आम्ही शाळेत असं केलं असतं तर आख्ख्या वर्गाचा बोर्डात नंबर आला असता. टेलिग्रामवर चॅनेलवाल्याला जुना मेसेज पुसता येतो आणि मागे खूणही राहत नाही. चुकलेले पुसले की उरतात ते सगळे पास.

सूरज, बी-304: सगळेच तसे नसतात सर.

देसाई सर, ए-102: मग एक गणित सोडव. समज माझ्याकडे 800 जणांचे नंबर आहेत. क्रिकेटमधलं मला ओ की ठो कळत नाही. पहिल्या मॅचला 400 जणांना कळवतो ‘मुंबई’ आणि उरलेल्या 400 जणांना ‘चेन्नई’. मुंबई जिंकली. चेन्नईवाल्यांना मी विसरलो. आता 400 त 200-200. मग 100. मग 50. पाचव्या मॅचनंतर 25 माणसं उरतात, ज्यांनी माझे पाचच्या पाच अंदाज बरोबर आलेले स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेत. त्यांच्या दृष्टीने मी देवमाणूस. सहाव्या मॅचला प्रत्येकाकडून 5,000 मागितले तर 1,25,000 होतात. आणि मला अजूनही क्रिकेट कळत नाही.

सूरज, बी-304: हे पर्सनल मेसेजला लागू होईल. इथं सगळ्यांना एकच मेसेज जातो.

देसाई सर, ए-102: शाबास, हा प्रश्न वर्गात कुणी विचारत नसे. पण चॅनेल एकच आहे का? नऊ वेळा लागोपाठ नाणं बरोबर पडायची शक्यता 512 त एक. अशी पाचशे-हजार चॅनेल चालू असली तर एखाद-दुसऱ्याचं जमणारच, आणि तुझ्यापर्यंत फॉरवर्ड होऊन येतं ते नेमकं तेच. बाकीची नाव बदलून पुन्हा पहिल्यापासून सुरू. त्यात ‘टॉसचा रिपोर्ट’ हा तर कहरच. नाणं उडवायचा निकाल विकत घ्यायचा!

कुलकर्णी काकू, ए-203: अ‍ॅक्टिव्हा कुणाची ते कुणी सांगेल का?

रोहन, ए-001: काकू माझी आहे, काढतो. आणि आबा शेजारी बसून सगळं ऐकतायत. ते बोलतील, मी टाईप करतो.

आबा, ए-001 (रोहनच्या मोबाईलवरून): आरं सूरज, ‘पक्का’ म्हंजे ‘फिक्स’, आमच्यातली नुरा कुस्तीच की, कोन पडनार त्ये आदीच ठरल्यालं. खासबागेत मी पन्नास वर्सं कुस्त्या बघितल्या. नुरा ठरल्याली कुणाला ठावं असतंय? दोन पैलवान आन् लई झालं तर त्येंचं वस्ताद. त्ये काय फडात भोंगा लावून सांगत्यात व्हय, ‘या, पाच पाच रुपयं द्या, कोन पडनार सांगतो’? गावाला कळलं की नुरा मोडली. मग पैलवान मार खातोय त्यो येगळाच.

देसाई सर, ए-102: आबा, दोन तासांचा तास तुम्ही चार वाक्यांत घेतलात.

आबा, ए-001: आजून आयका. मटक्याच्या काळात आमच्या गल्लीत एक येडा बाबा हुता. दिसभर चौकात बसायचा. त्येनं तीन दगड मारलं की लोकं तिर्री लावायची, दोन शिव्या दिल्या की दुर्री. आकडा लागला की बाबाला हार, न्हाई लागला की ‘आपल्यालाच बाबाची खूण कळली न्हाई’. चूक कवाच बाबाची नसायची. पन बाबा एक रुपाया घेत नव्हता. नुसता च्या प्यायचा.

सूरज, बी-304: आबा 🙏 पण मटका नशीब आहे, हे अ‍ॅनालिसिस आहे. पिच, दव, टॉस, फॉर्म बघतात.

देसाई सर, ए-102: चल, तो खरंच अभ्यासू आहे असं धरू. भाव काय मिळतो?

सूरज, बी-304: बरोबरीची मॅच असली तर 90 पैसे.

देसाई सर, ए-102: म्हणजे हजार लावून जिंकलास तर 900 येतात, हरलास तर हजार जातात. शंभर वेळा खेळ. 52 बरोबर आले तर 46,800 आले आणि 48 चुकांचे 48,000 गेले. निम्म्याहून जास्त बरोबर येऊनही 1,200 ने खड्ड्यात. 53 बरोबर आले की कुठे 700 रुपये सुटतात. त्यातून फी वजा कर. 500 प्रमाणे शंभर रिपोर्टचे 50,000 होतात. फी भरून हाती काही उरायला तो माणूस शंभरात 79 ला बरोबर हवा. आणि 79 ला बरोबर असणारा माणूस तुझ्या 500 रुपड्यांची वाट बघत बसेल का?

सूरज, बी-304: मोठी रक्कम लावली तर फी किरकोळ होते ना.

देसाई सर, ए-102: हेच तुला पटवायचं असतं त्याला.

सूरज, बी-304: पण जगात जिंकणारे आहेत सर. इंग्लंडच्या ब्रायटन फुटबॉल क्लबचा मालक टोनी ब्लूम बेटिंगवरच मोठा झाला.

अ‍ॅड. वैशाली, सी-201: बरोबर आहे, आहेत असे. हाँगकाँगच्या घोड्यांच्या शर्यतींवर कॉम्प्युटर मॉडेल लावून प्रचंड कमावणारा बिल बेंटर पण आहे. पण ही मंडळी माहिती कुलपात ठेवतात. ती बाहेर फुटली की सगळे तिकडेच पैसे लावतात आणि भाव पडतो. माहितीची किंमत ती दुसऱ्याला नसते तोवरच. चाळीस हजार मेंबरांच्या चॅनेलवरचं ‘गुपित’ म्हणजे आपल्या लिफ्टमधलं गुपित.

कुलकर्णी काकू, ए-203: लिफ्टमधलं गुपित म्हणजे काय म्हणायचंय?

अ‍ॅड. वैशाली, सी-201: काही नाही काकू 😄 कायद्याचंही सांगते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या केंद्राच्या कायद्यावर 22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची सही झाली. खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षं आणि 50 लाखांपर्यंत. त्या कायद्यामुळेच ड्रीम 11 ने पैशाचे कॉन्टेस्ट बंद केले. नुसत्या खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा नाही, पण आपल्या राज्याचा जुगारबंदीचा कायदा 1887 पासून आहेच. रेसकोर्सवरच्या घोड्यांचं वेगळं, ते कौशल्य असल्याचं सुप्रीम कोर्टाने 1996 ला सांगितलंय. आणि पैजेचा करार मुळातच रद्दबातल, 1872 च्या करार कायद्याचं कलम 30. जिंकलेले पैसे त्याने दिले नाहीत तर कोर्टात मागता येत नाहीत.

सेक्रेटरी माने: जाहिरात करणाऱ्याला पण?? सूरज, तो मेसेज आधी काढ. मी अ‍ॅडमिन आहे या ग्रुपचा.

संदीप, बी-103: माने काका, पाच मिनिटं थांबा. मला थोडं लिहायचं आहे. घरी सांगून झालंय, त्यामुळे इथे लिहायला आता हरकत नाही.

संदीप, बी-103: मागच्या सीझनला मी असल्याच एका चॅनेलवर होतो. आधी तीन रिपोर्ट फुकट. तिन्ही बरोबर. मग 1,500 भरले. पहिला चुकला, तर म्हणे दव पडलं. मग व्हीआयपी ग्रुप, 5,000. तिथे दोन आले, चार गेले. गेले की अ‍ॅडमिनचा व्हॉइस मेसेज यायचा, अगदी आपल्याकडचा आवाज, ‘भावा, टेन्शन घेऊ नको, उद्या रिकव्हरी मॅच आहे, आज जेवढं गेलं त्याच्या डबल लाव.’ शेवटी ‘फिक्स रिपोर्ट’, 15,000. ते पैसे भिशीचे होते. माझा नंबर लागला होता, 40,000. घरी सांगितलं की पुढच्या महिन्यात लागणार.

संदीप, बी-103: रात्री गच्चीवर जायचो, टाकीच्या मागे. ब्राइटनेस कमी करून स्कोअर बघायचा. खाली बायको पोराचा अभ्यास घेतेय ते ऐकू यायचं. त्या फिक्स मॅचला 19 व्या ओव्हरला कळलं की संपलं. चॅनेल उघडलं तर सकाळचा रिपोर्टच नाही. त्या जागी दुसऱ्याच टीमचं नाव आणि खाली ‘पास पास पास’, नोटांच्या बंडलांचा फोटो. फीचे 21,500, लावलेले धरून एकूण 62,000. गॅसच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय.

संदीप, बी-103: एक गोष्ट मला आधी दिसायला हवी होती. जिंकलेल्यांचे स्क्रीनशॉट यायचे ना, त्यातल्या दोन वेगळ्या तारखांच्या स्क्रीनशॉटवर वेळ 9:17 आणि बॅटरी 43 टक्के. दोन्हीवर तेच. मी शिरोलीच्या कारखान्यात क्वालिटी चेकिंगला आहे, दिवसभर शंभर मायक्रॉनचा फरक पकडतो. हे नाही दिसलं.

आबा, ए-001: संदीप, पोरा, जाऊ दे. ल्हिलंस त्ये बरं क्येलंस.

देसाई सर, ए-102: संदीप, तक्रार केलीस का?

संदीप, बी-103: नाही सर. काय सांगणार, जुगाराचा रिपोर्ट खोटा निघाला म्हणून?

अ‍ॅड. वैशाली, सी-201: संदीपदादा, त्यांचं सगळं दुकान ह्याच लाजेवर चालतं. फसवणूक ती फसवणूकच. तेव्हाच्या तेव्हा 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन केला तर पैसे पुढे जायच्या आत खातं गोठवायची संधी असते. अजूनही ट्रान्झॅक्शन नंबर असतील तर उद्या संध्याकाळी या, सायबरच्या पोर्टलवर तक्रार टाकून देते.

संदीप, बी-103: येतो ताई. आणि सूरज, खरी गोष्ट पुढे आहे. खेळायचा आयडी पण मला त्या अ‍ॅडमिननेच काढून दिला होता. पैसे दरवेळी वेगळ्याच यूपीआयवर, कधी कुठल्या मोबाईल शॉपीच्या नावाने, कधी कुठल्या बाईच्या. शेवटी माझ्याकडे द्यायला काही उरलं नाही तेव्हा तोच म्हणाला, ‘तू तुझे मित्र जोड. ते जेवढे हरतील त्यातला टक्का तुला.’ तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली. मी हरलो तेव्हा त्यालाही टक्का मिळालाच असणार. मला चुकीचा रिपोर्ट देणं त्याला जास्त परवडत होतं.

देसाई सर, ए-102: मी मघापासून तो चुकतो कसा हे शिकवत बसलोय. बरोबर यायची त्याला गरजच नाही, हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

अ‍ॅड. वैशाली, सी-201: सूरज, तू टाकलेल्या लिंकच्या शेवटी ‘सूरज304’ असं आहे.

अ‍ॅड. वैशाली, सी-201: सूरज?

कुलकर्णी काकू, ए-203: म्हणजे?

सूरज, बी-304: हो ताई. माझा कोड आहे. एका जॉइनला 100 देणार होता. चुकून नव्हतं आलं. सॉरी सगळ्यांना. टक्क्याचं मला माहीत नव्हतं, देवाशपथ.

सेक्रेटरी माने: आता मात्र काढ तो मेसेज!

सूरज, बी-304: काढला काका.

आबा, ए-001: कबूल क्येलंस न्हवं, झालं. शंभर रुपयाला संदीपला इकाय निघाला हुतास, येवढं ध्यानात ठेव.

सूरज, बी-304: हो आबा.

देसाई सर, ए-102: सूरज, एक प्रयोग करतोस? फुकटचा आहे. त्या अ‍ॅडमिनला लिही, ‘500 आत्ता देत नाही. रिपोर्ट पास झाला की रात्री 2,000 देतो. सोसायटीतले दहा जण तयार आहेत.’ 9 पास असलेल्या माणसाला 500 च्या जागी 2,000 मिळतायत, तेही दहा जणांकडून. उडी मारून घ्यायला हवं.

सूरज, बी-304: लिहितो सर.

संदीप, बी-103: मी पण बघतोय.

सूरज, बी-304: टायपिंग दाखवतंय.

सूरज, बी-304: म्हणतो, ‘भावा इथं उधारी चालत नाय. विश्वास असेल तर ये.’

देसाई सर, ए-102: विचार, विश्वास त्याचा त्याच्या रिपोर्टवर आहे का.

सूरज, बी-304: विचारलं.

रोहन, ए-001: आबा विचारतायत, काय म्हणाला?

सूरज, बी-304: फोटो गायब झाला त्याचा. मेसेज पण जाईना. ब्लॉक केलं सर.

कुलकर्णी काकू, ए-203: माने, आमच्या बाथरूमला आत्ताच पाणी येत नाहीये. टाकी उद्या म्हणाला होतात ना?