प्रतिसाद: लॅमिनेटेड काच आणि मायक्रोवेव्ह

वर विचारलंय की काच मायक्रोवेव्ह फारशी शोषत नाही, मग मायक्रोवेव्हने लॅमिनेशन (दोन काचा मधल्या प्लास्टिकच्या थराने एकमेकींना चिकटवणं) कसं होणार? उलट तोच तर फायदा आहे! दोन काचांमधला पीव्हीबी (पॉलिव्हिनाइल ब्युटिराल) या प्लास्टिकचा थर (साधारण ०.३८ किंवा ०.७६ मिमी) ध्रुवीय (ज्याच्या रेणूंना धन-ऋण टोकं असतात असा) पॉलिमर असल्याने काचेपेक्षा जास्त ऊर्जा शोषतो. म्हणजे उष्णता हवी तिथेच, चिकटण्याच्या जागी तयार होऊ शकते. नेहमीच्या पद्धतीत, म्हणजे ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखाली तापवणाऱ्या बंद भट्टीत), मात्र जाड काचेतून उष्णता आत झिरपायची वाट बघत तासन्‌तास घालवावे लागतात.

खरी अडचण एकसारखं तापवण्याची. २.४५ गिगाहर्ट्झ या नेहमीच्या मायक्रोवेव्ह वारंवारतेला तरंगलांबी सुमारे १२ सेंटीमीटर, त्यामुळे मोठ्या काचेवर गरम-थंड पट्टे पडतात. त्यात काच तापली की तिची शोषणक्षमताही वाढते. गरम ठिपका आणखी गरम होत जातो आणि काच तडकते. म्हणून जायरोट्रॉनमधून (जास्त वारंवारतेच्या शक्तिशाली मायक्रोवेव्ह तयार करणाऱ्या नळीतून) मिळणाऱ्या, मिलिमीटरांत तरंगलांबी असलेल्या लहरी मला जास्त आश्वासक वाटतात.

दाबाचा मुद्दा चर्चेत राहूनच गेला. ऑटोक्लेव्हमधला १०-१४ बारचा दाब नुसता थर दाबत नाही, तर उरलेली हवा पीव्हीबीत विरघळवतो. हा दाब न वापरता काम करायचं तर हवा आधीच निर्वाताने नीट उपसायला हवी. नाहीतर कडेला बारीक बुडबुडे दिसणारच.

आणि लो-ई काच (उष्णता परावर्तित करणारा पातळ लेप असलेली काच) वापरणार असाल तर जपून. तिच्यावरचा चांदीचा लेप मायक्रोवेव्ह परावर्तित करतो, त्यामुळे लेप कोणत्या बाजूला आहे ते पाहूनच लहरी सोडायची दिशा ठरवावी लागते.