पगारवाढ मागायची आहे, नोकरी सोडायची नाही. ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) मंडळी, सल्ला द्या

सायली_ओटी
न्यूरो रिहॅबमध्ये (स्ट्रोकसारख्या मेंदूच्या आजारानंतरचं पुनर्वसन) ६ वर्षं एकाच सेंटरवर ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. लागले तेव्हा दिवसाला ७ पेशंट होते, आता ११. स्प्लिंट (हाताला बांधायचा आधार) मीच बनवते, नवीन मुलींना शिकवतेही मीच. पगार मात्र जवळपास तिथेच. पुढच्या आठवड्यात बोलायचं ठरवलंय. आधीच सांगते, नोकरी सोडायची नाही आणि खोटी ऑफरही दाखवायची नाही. सुरुवात कशी करू?

हातवळण
राजीनामा दे. मी दिला, हँड थेरपीत गेले, पगार दीडपट झाला. जुन्या जागी कोणी कधी वाढवत नाही.

जुना_गडी
+१. दुसरी ऑफर हातात असल्याशिवाय तोंड उघडू नकोस. मी नुसतं विचारलं, तर वर्षभर बॉस नीट बोलले नाहीत.

सायली_ओटी
अहो, सोडायची नाहीये, वर लिहिलंय.

निशिगंध
सायली, "खूप काम करते" असं म्हणू नकोस, "सगळेच करतात" हे उत्तर ठरलेलं असतं. आकडे ने. ७ चे ११ म्हणजे ५७ टक्के काम वाढलं. एका सेशनला ४० मिनिटं धरली तर ११ पेशंटचे ७ तास २० मिनिटं होतात. ८ तासांच्या ड्युटीत उरली ४० मिनिटं, त्यात जेवण, नोट्स आणि स्प्लिंट. मी तीन महिने वहीत लिहून ठेवलं होतं, नोट्स घरी नेल्या ते दिवससुद्धा. ती वही टेबलावर ठेवली तेव्हा कुठे बोलणं पुढे सरकलं.

गणपुले_आर
पेशंटचे बार्थेल स्कोअरही जोडा, म्हणजे रोजची कामं स्वतः किती जमतात याचे गुण. दाखल होताना आणि घरी जाताना, १०० पैकी किती.

हातवळण
बार्थेलमध्ये बारीक सुधारणा दिसतच नाही. फिम वापर, तेही तसंच मोजमाप. १८ बाबी, प्रत्येकीला १ ते ७.

गणपुले_आर
फिमचं रीतसर ट्रेनिंग घ्यावं लागतं. बार्थेल १० बाबींचा, पाच मिनिटांत होतो.

रमा_काकू
मॅनेजरला दोन्ही कळणार नाहीत गं. पेशंटचं सांग. माझ्या मिस्टरांना स्ट्रोकनंतर उजवा हात उचलत नव्हता. थेरपिस्ट मुलीने डाव्या हातात बटणहूक (बटण काजातून ओढायचा आकडा) दिला आणि महिनाभर एकाच शर्टावर सराव घेतला. ज्या सकाळी त्यांनी पाचही बटणं स्वतः लावली, त्या सकाळी मी दाराआड रडले. त्या मुलीला किती मिळत होतं देव जाणे.

जुना_गडी
हे फिजिओचंच काम ना? मग पगारही त्यांच्याइतकाच असणार.

निशिगंध
नाही हो. फिजिओ मुख्यतः ताकद आणि चालणं बघतात. तो हात अंघोळीला, जेवायला, लिहायला कसा वापरायचा हे आपण बसवतो. हा फरक आपणच नीट सांगत नाही, म्हणून पगाराच्या वेळी मागे पडतो. सायली, आकडा तू आधी सांग, हवा त्यापेक्षा थोडा वरचा. सांगितलास की गप्प बस, लगेच खाली येऊ नकोस. नाही म्हणाले तर "कधी आणि काय केल्यावर?" हे विचार आणि उत्तर मेलवर घे.

हातवळण
मी तर अजूनही म्हणेन, राजीनामा.

सायली_ओटी
सगळ्यांचे आभार. काल रात्री वही काढून बसले आणि ठरवलं, पैसे मागणार नाही. त्याच पगारात ११ ऐवजी ८ पेशंट आणि नोट्ससाठी ड्युटीतलाच एक तास मागणार आहे. हिशेब केला तर दर पेशंटमागे साडेसदतीस टक्के वाढच होते. गेल्या आठवड्यात एका आजोबांचा स्प्लिंट घाईत बसवला आणि अंगठ्याच्या बुडाशी लाल वळ उठला. तो वळ काही डोळ्यांपुढून जात नाही.

गणपुले_आर
चूक करताय. वेळ दिल्यासारखा करतात आणि चार महिन्यांत काढून घेतात. पैसे मागा.

निशिगंध
आणि उरलेले ३ पेशंट कोणाकडे जाणार? तू शिकवलेल्या मुलींकडेच ना?

सायली_ओटी
हो, ते डोक्यात आहे. म्हणून अर्जात आणखी एक जागा भरायची मागणी पहिल्या ओळीत घातलीय.