बळ्ळारी नाला : काँक्रीटच्या भिंती की मातीचे रुंद पात्र?

प्रश्न (शहापूर शिवार) : ऑगस्ट २०१९ च्या पुरापासून बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचा प्रश्न निघाला की महानगरपालिकेत दोन्ही काठांना काँक्रीटच्या भिंती घालण्याचाच आग्रह धरला जातो. आमच्या भातशेतीला त्याचा खरोखर उपयोग होईल का?

उत्तर १ : गुळगुळीत भिंतींमुळे पाणी वेगाने पुढे सरकते, हे खरे, परंतु खालचा पूल किंवा मोरी अरुंद असेल, तर तेच पाणी तेथे तुंबून मागे चढते आणि पूर तुमच्या शिवारातून उचलून खालच्या शेतकऱ्याच्या बांधावर नेऊन ठेवला जातो. शिवाय भिंतीत निचऱ्याची छिद्रे नसतील, तर शेतात साचलेले पाणी नाल्यात उतरणारच कसे? कुजलेली रोपे उपटताना त्याचे उत्तर मिळते. आधी मोऱ्यांची रुंदी मोजावी, मग आराखडा काढावा.

उत्तर २ : पाणथळ जागांच्या संरक्षणासाठी केंद्राने केलेल्या २०१७ च्या नियमांचा आधार येथे मिळणार नाही, कारण नदीपात्रे व भातशेती त्यांच्या व्याख्येतून वगळलेली आहेत. समुद्रकिनाऱ्यावर सीआरझेड (किनारी भागातील बांधकामांवरचे निर्बंध) तरी आड येते. आपल्याकडे सगळी भिस्त महानगरपालिका आणि पाटबंधारे खात्यावर.

उत्तर ३ (मूळ प्रश्नकर्ता) : आभारी आहे. नाल्यात येणारे सांडपाणी थांबले नाही, तर जलपर्णी काँक्रीटच्या पात्रातही माजेल, याकडे मात्र कोणी पाहत नाही. मोऱ्यांच्या मोजमापाची मागणी आम्ही नगरसेवकांकडे लेखी देत आहोत.