पालिकेच्या शाळेतली पोरं कॉलेजात टिकत नाहीत म्हणे

रंकाळा_काठ: काल इथंच एकानं लिहिलं, 'महापालिकेच्या शाळा बंद करा, तिथली पोरं कशीबशी दहावी काढतात आणि अकरावी सायन्सला गळतात.' डोकं फिरलं म्हणून मोठं लिहालोय. अरे भावा, पालिकेच्या बहुतेक शाळा सातवीपर्यंतच, पुढं पोरगं अनुदानित हायस्कुलात जातंय, तिथनं कॉलेजात, मग गळती पालिकेच्या खात्यावर कशी? आणि कोल्हापुरात पालिकेच्याच जरगनगरच्या शाळेपुढं पाडव्याला प्रवेशासाठी पालक रांगा लावतात ते काय उगाच?

पेठेतला: लिहिणारा मीच. रांग एका शाळेपुढं, बाकीच्यांचं बोल की. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत नापास करणं बंद, दहावीला वीस मार्क शाळेच्या हातात, पस्तीसला पास. २०१९ ला कायदा बदलून पाचवी-आठवीला परीक्षेची मुभा दिली, काय दिवे लागले?

ताईसाहेब: खरा घोळ सेमीचा, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतनं शिकवण्याचा आहे. माझी पोरगी दहावीपर्यंत पूर्ण मराठीत, गणितात पहिली. अकरावीला फिजिक्सच्या वहीत समासभर पेन्सिलीनं मराठी अर्थ, समास संपला की मागच्या पानावर. दिवाळीनंतर म्हणाली, आई मी आर्ट्सला जाते.

पेठेतला: म्हणजे माझंच खरं.

ताईसाहेब: अजिबात नाही. तिची शाळा खाजगी होती.

खडू_फळा: सेमी शिकवायला मास्तर वर्गात पायजे ना! मतदारयाद्या करणारे बीएलओ आम्ही, सर्वेक्षण आम्ही, खिचडीच्या तांदळाचा हिशेब आम्ही, वर रोज नवीन लिंक, माहिती भरा. फळ्यावर तारीख घालतोय तोवर फोन, याद्या घेऊन या.

पेठेतला: रडगाणं पुरे. शाहू महाराजांनी १९१७ ला शिक्षण सक्तीचं केलं, पोरगं शाळेत न घालणाऱ्या बापाला महिन्याला रुपया दंड. आता तो मास्तरांना लावा. तुमची पोरं कुठं शिकतात सांगा आधी!

खडू_फळा: जीभ सांभाळून बोला. सीबीएसईला आहे. घरात माझं कोण ऐकतंय?

रंकाळा_काठ: 😂 मास्तर, आमचीच बाजू बुडवालाय.

खडू_फळा: हसा. मी स्वतः पालिकेच्या शाळेतला, बीएस्सी झालो. तेव्हा मास्तर संध्याकाळी घरी येऊन बापाला विचारायचे, पोरगं का आलं नाही.

पेठेतला: बरं बाबा, बंद करू नका. दहावीपर्यंत वाढवा. झालं समाधान?

रंकाळा_काठ: वाढवून शिकवणार कोण, बीएलओ?

ताईसाहेब: आणि सेमीचं काय ते कोणीच बोलत नाही.