भाषणात वाक्याचा शेवट ऐकू येत नाही. श्वासाचा सराव कसा करावा?

प्रश्न (लष्कर, ग्वाल्हेर)
नमस्कार. गेल्या गणेशोत्सवात मी आमच्या मंडळात वीस मिनिटांचे भाषण केले. मजकूर तयार होता, ध्वनिक्षेपकही होता. तरीही मागच्या रांगेत बसलेल्या सासूबाईंनी घरी आल्यावर सांगितले, की वाक्यांची सुरुवात ऐकू येत होती, शेवट येत नव्हता. मी म्हणाले होते, "ही प्रथा आपण सोडलेली नाही". त्यांच्यापर्यंत पोहोचले, "ही प्रथा आपण सोडलेली". शिवाय पहिली दोन-तीन मिनिटे आवाज कापत होता. भरपूर श्वास घेऊन सुरुवात केली, तर उलट धाप लागते. यंदाच्या भाषणाला सहा आठवडे आहेत. नेमका कोणता सराव करावा?

उत्तर १ (निवृत्त संगीतशिक्षिका, ग्वाल्हेर)
ताई, सासूबाईंनी दोष अचूक हेरला आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते, होकार-नकार तिथेच ठरतो आणि बोलणाऱ्याचा दमही बहुधा तिथेच संपतो. आधी आरशासमोर उभ्या राहून श्वास घ्या. खांदे वर उचलले जात असतील, तर मानेचे स्नायू ताठतात आणि गळा आवळला जातो. मग पाठीवर झोपून पोटावर एक वही ठेवा. श्वास घेताना श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा) खाली सरकते, त्यामुळे वही वर आली पाहिजे. हे अंगवळणी पडले की उभ्याने, एका श्वासात, "स्स्" असा बारीक आणि एकसारखा आवाज दहा सेकंद काढा व हळूहळू वीसपर्यंत न्या. शेवटी धार तुटता कामा नये, कारण तुमचे "नाही" तिथेच आहे.

आपल्या ग्वाल्हेर गायकीत मोकळ्या, खुल्या आकाराला (म्हणजे "आ" या स्वरात गाण्याला) मोठा मान आहे, आणि बंदिश शिकवतानाच दम कुठे घ्यायचा हेही शिकवले जाते. भाषणाच्या कागदावरही दम घ्यायच्या जागी उभ्या रेघा मारा. ज्या वाक्याला मध्ये रेघ मारायला जागा सापडत नाही, ते वाक्य तोडा.

उत्तर २ (वाचा-उपचारतज्ज्ञ, इंदूर)
वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. केवळ धाप लागण्याविषयी लिहितो. शांत बसलेला माणूस एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा घेतो, आणि बोलण्यासाठी त्याहून थोडी अधिक पुरते. छाती ठासून भरली की ती हवा आवरून धरण्यातच शक्ती जाते. तसे श्वास भराभर घेतले तर रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होऊन चक्करही येते. व्यासपीठावर जाण्यापूर्वी चार अंक मोजत नाकाने श्वास घ्या व सहा ते आठ अंक मोजत सोडा; असे पाच वेळा करा. घरी पेल्यात थोडे पाणी घेऊन नळीतून बुडबुडे काढत "ऊ" म्हणा. स्वरतंतूंवर ताण न येता आवाज मोकळा होतो. घसा खाकरू नका, त्याऐवजी घोटभर पाणी प्या. घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक राहिला, तर मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्नकर्ती
दोघांचीही मी मनापासून आभारी आहे. रेघा मारताना एक वाक्य एकतीस शब्दांचे निघाले. त्याची तीन केली. काल सासूबाईंना स्वयंपाकघरात बसवून अंगणातून वाचून दाखवले. "नाही" ऐकू आले, असे त्या म्हणाल्या. "स्स्" मात्र अजून तेरा सेकंदांवरच आहे.