मदत हवी आहे: रॉकेटचं प्रक्षेपण की उड्डाण?

नमस्कार मंडळी. म्हापशातल्या आमच्या शाळेच्या भित्तिपत्रकासाठी मुलं चांद्रयान-३ वर लिहितायत. १४ जुलै २०२३ ला एलव्हीएम-३ रॉकेट ते घेऊन श्रीहरिकोटाहून निघालं, इथवर ठीक. पण एकाने लिहिलंय, ‘प्रक्षेपणाचं थेट प्रक्षेपण पाहिलं’! त्यातल्या दुसऱ्या ‘प्रक्षेपण’चं मी ‘प्रसारण’ करून टाकलं. अडलंय ते पुढे. यान ‘प्रक्षेपित केलं’ हे पटतं, पण रॉकेट स्वतः ‘प्रक्षेपित झालं’ म्हणायचं की ‘झेपावलं’? ‘उड्डाण’ म्हटलं की मला तरी मोपा विमानतळावरचं विमान दिसतं. आणि पाचवीच्या पोरांना ‘अग्निबाण सोडला’ चालेल, की दिवाळीतला बाण वाटेल? शुक्रवारी कागद चिकटवायचेत, जाणकारांनी जरा लवकर सांगा.